उघडतो जी

मागच्या आठवड्यात घरी इन्व्हर्टर बसवायला माणूस आला, तर आमच्या लेकीनं फ्रिजवर मोबाईल उभा करून ठेवला. रेकॉर्डिंग चालू. का, तर तिच्या कॉलेजच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं होतं की कारागिराला घरात एकटं सोडू नये. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, अवं बाई, तो बिचारा वायर ओढून राहिला आहे, आणि तुझा तो मोबाईल त्याला दिसतो आहे, एवढं तरी कळतं का तुला? तर म्हणते, दिसावा म्हणूनच ठेवला. मोबाईल उचलून पिठाच्या डब्यात टाकावा असं वाटलं, पण महागाचा आहे म्हणून टेबलावर पालथा ठेवला.

ती रुसून बसली. मग जेवताना मी तिला आमच्या कवेलू फेरणाऱ्या बाबाजींची गोष्ट सांगितली. आजवर तिला अर्धीच ठाऊक होती.

आमचं गाव सिहोऱ्याकडचं, माहेर आंधळगावचं. आता घरावर स्लॅब आहे, पण मी लग्न होऊन आले तेव्हा मातीच्या भिंती आणि वर देशी कवेलू होते. ज्यांनी तसं घर पाहिलं नाही त्यांना सांगते, देशी कवेलू म्हणजे मातीचे, अर्धगोल, एकात एक अडकवून लावलेले. वर्षभर त्यांच्यावरून माकडं उड्या मारतात, मांजरी भांडतात, कडुलिंबाचा पाला साचतो. म्हणून मृगाच्या आधी सगळं छप्पर उघडायचं, फुटके कवेलू काढायचे, पाला झाडायचा आणि ओळीनं परत बसवायचं. याला म्हणायचं फेरणी. ज्याच्या हातची फेरणी पक्की, त्याला मे महिन्यात पाणी प्यायची फुरसत नसते.

बाबाजींच्या हातची पक्की होती. साठी गाठलेले, काडीसारखे बारीक, बोलणं मोजकं. आल्याबरोबर ते अंगातला सदरा काढून अंगणातल्या खुंटीला टांगायचे, तंबाखूची पुडी त्याच्याच खिशात, आणि बिनखिशाच्या बंडीवर शिडी चढायचे. छपरावर जाताना अंगाला खिसा नको, हा त्यांचा नेम. सदरा दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लटकत असायचा.

आता छपरावर चढलेल्या माणसाला खाली काय दिसत नाही? न्हाणी दिसते, पेट्या दिसतात, कोण आजारी पडून आहे, कोण कोणावर रुसून कोपऱ्यात बसलं आहे, सगळं दिसतं. भिंतीला कान असतात म्हणतात, पण फेरणीच्या दिवशी तर घराला वरून डोळेच फुटतात. म्हणून बाबाजींचा दुसरा नेम होता. ज्या खोलीवरचे कवेलू काढायचे, त्या खोलीवर बसून ते आधी हाक द्यायचे, "उघडतो जी!" खोली ज्याची, त्यानं खालून "उघडा" म्हटलं की मगच कवेलूला हात. उत्तर आलं नाही तर ते निमूट दुसऱ्या बाजूला सरकायचे. एकदा फक्त न्हाणी उरली होती, आत आमची नणंद होती आणि तिला हाक ऐकू गेली नाही, तर ते उन्हात अर्धा तास नुसते बसून राहिले होते.

तिसरा नेम सुपाचा. छपरातून जे काही निघेल ते सुपात टाकायचं आणि काम संपलं की सूप घरधनिनीपुढं ठेवायचं. वर निघालेलं सारं तिचं. आमच्या गावात तेव्हा कुलपाची कपाटं होती कोणाकडे? ज्याला त्याला काही लपवायचं झालं की ते छपरातच. त्यामुळे ते सूप म्हणजे वर्षभराची गंमत. चिमणीचं घरटं, पोरांचा चेंडू, हरवलेला विळा, आणि डॉक्टरांनी बंद केलेली सासऱ्यांची बिडी. ती दरवर्षी निघायची आणि दरवर्षी सासरे म्हणायचे, माकडानं आणून ठेवली असन. सासूबाई सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं बोलायच्या आणि बाबाजी खाली मान घालून हात धुवायचे.

माझंही काहीतरी त्या छपरात होतं. लहानपणी मला फिट यायची. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि लग्नाच्या आधीची तीन वर्षं एकदाही आली नव्हती. गोळी मात्र रोज घ्यायची, चुकवायची नाही. माझ्या आईचं म्हणणं असं की फिट येतच नाही तर सांगायचं काय, झाकली मूठ सव्वा लाखाची. मिरगीची पोरगी म्हटलं की सोयरीक मोडते, हे तिनं नात्यातच पाहिलं होतं. मी एकोणीस वर्षांची, मी काय बोलणार? लबाडी केली आम्ही, आज सरळ म्हणते. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

पण गोळ्या ठेवायच्या कुठं? सुनेच्या पेटीला कुलूप लावणं म्हणजे घरावर अविश्वास. पेटी सासूबाई उघडायच्या, नणंद उघडायची, कोणाला त्यात काही गैर वाटायचं नाही. म्हणून मी एका पत्र्याच्या डबीत गोळ्या भरून आमच्या खोलीच्या कोपऱ्यात, जिथं भिंत कवेलूला भिडते, तिथल्या खोबणीत ठेवायचे. पेटीवर चढलं की हात पुरायचा. पहिल्या फेरणीला बाबाजींनी हाक दिली, तेव्हा मी आधी डबी काढली, कमरेला खोवली आणि मगच "उघडा" म्हटलं. वाटलं, कोणाला काही कळलं नाही.

दुसऱ्या वर्षी मी भावाच्या मुलीच्या बारशाला आंधळगावला गेले. फेरणी मी परतल्यावर होती, म्हणून चार दिवसांपुरत्या गोळ्या घेतल्या आणि डबी तिथंच राहू दिली. तर तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा फोन आला की आभाळ भरून येतंय म्हणून बाबाजी आधीच आलेत, आज फेरणी चालू आहे, तू नाहीस ते बरंच, धुळीनं जीव गेला असता. डबी निघणार, सुपात पडणार, सूप सासूबाईंपुढं जाणार. आईला काहीबाही कारण सांगितलं आणि निघाले. आंधळगावहून तुमसर, तुमसरहून सिहोऱ्याची बस. सगळ्या रस्त्यानं मनात एकच, संध्याकाळी आपल्याला याच बसनं परत पाठवतील.

पोचले तेव्हा काम संपलं होतं. अंगणात सासूबाई सूप घेऊन बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सुपात पाहिलं. बिडीचं बंडल, एक चमचा, घरटं. डबी नव्हती. खोलीत जाऊन पेटीवर चढले तर डबी जागच्या जागी, मी ठेवली होती तशीच. वरच्या तीन ओळी तशाच होत्या, काळ्या, पाल्यानं भरलेल्या. जीव भांड्यात पडला. आणि काय वाटलं माहीत आहे? वाटलं, म्हातारा थकला, ओळी सुटल्या त्याच्या. उपकार मानायचे सोडून मी मनात त्याला म्हातारा म्हटलं.

आषाढात त्याच तीन ओळींनी दगा दिला. आमच्या खोलीच्या कोपऱ्यात धार लागली, भिंतीची माती गळून पडली, खाली ठेवलेलं बियाण्याचं धानाचं पोतं भिजलं. सासूबाईंनी बाबाजींना बोलावणं धाडलं आणि अंगणात उभं करून, शेजारपाजारचे ऐकत असताना सुनावलं, "तुमाले आता दिसत नाई त घरी बसा न जी! दुसऱ्याचं घर काहून बुडवता?"

"चुकलं बाई," एवढंच बाबाजी म्हणाले. "माई ओळ सुटली. पाऊस थांबला का करून देतो."

सासूबाईंचं तोंड म्हणजे गावची दवंडी. दोन दिवसांत दुकानावर, बोडीवर म्हणजे गावतळ्यावर, जिथं तिथं एकच बोलणं, बाबाजींचा हात गेला. ज्या दोघांनी त्यांना गळती काढायला सांगितलं होतं, त्यांनी नाही म्हणून कळवलं. पुढच्या साली बपेरा गावचा माणूस आणू, असं लोक उघड बोलू लागले. चाळीस वर्षांचं नाव, आणि तीन ओळींत गेलं.

उघडीप पडली तशी बाबाजी आले. सदरा खुंटीला, शिडी, वर. मी खोलीत एकटीच होते. डबी धार लागली त्याच दिवशी मी काढून पदरात बांधली होती. वरून हाक आली, "उघडतो जी." मी उत्तर द्यायच्या आतच ते खालच्या आवाजात म्हणाले, "बेटी, तुयी डबी काढून घे. मंग उघडतो."

मी पेटीवर बसले आणि वर तोंड करून विचारलं, "तुमाले माईत होतं, बाबाजी?"

"डबी माईत होती. मागल्या साली तू काढून राहिली होतीस तवा फटीतून दिसलं. आत काय हाय ते नाई माईत. सांगू बी नोको."

"मंग तेवढ्या ओळी सोडल्या काहून?"

"तू घरी नोयतीस. खोलीले तुया सासूनं 'उघडा' म्हटलं, पन तो कोपरा तुया, तो कोणाले इचारू? आन् डबी हातात आली असती त मले सुपात टाकाच लागली असती. आजवर कोणाच्या घरची एक बी चीज मी लपवली नाई."

या माणसाला खोटं वागायचं नव्हतं आणि माझं उघडंही पाडायचं नव्हतं. म्हणून त्यानं स्वतःच्या हातच्या कामात जाणूनबुजून खोट ठेवली, आणि ती गळणार हे त्याच्याइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? वर बसून ते वाट पाहत होते. शेवटी मी "उघडा" म्हटलं तेव्हा त्यांनी पहिला कवेलू उचलला.

ते गेल्यावर मला घरात बसवेना. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मी. दुपारी सासूबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मी डबी त्यांच्या सुपात, तांदळावरच ठेवली. म्हटलं, "आई, हे त्या कोपऱ्यातलं हाय. बाबाजीची चूक नाई, माई हाय." आणि मग सगळं सांगितलं. गोळ्या कशाच्या, कधीपासून, आणि बाबाजींनी ओळी का सोडल्या, तेही.

सासूबाईंनी डबी उघडली, एक पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि परत ठेवलं. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. नवऱ्याला मी त्याच संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, फिटचं काही नाही, पण दोन वर्षं तू माझ्यापासून लपवलंस. त्याचं खरंच होतं. मी खोलीत बॅग भरून ठेवली होती, खोटं कशाला सांगू.

नवव्या दिवशी दुकानासमोर बाया जमल्या होत्या आणि कोणीतरी पुन्हा बाबाजींच्या हाताचा विषय काढला. मी सासूबाईंच्या मागंच पिशवी घेऊन उभी होते. उभ्या जन्मात या बाईनं स्वतःची चूक कबूल केलेली मी ऐकली नव्हती. सासऱ्यांनीही ऐकली नव्हती. ती बाई चारचौघींत ठसक्यात म्हणाली, "त्याचा हात काहून जाईन? मीच म्हटलं होतं त्याले, त्या कोपऱ्याले हात लावू नोको म्हून. मग मीच इसरली, आन् त्यालेच बोलली." कोणीतरी विचारलं, हात लावू नोको ते काहून? तर म्हणाल्या, माया घरचा कोपरा, तुले काय करायचं?

घरी आल्यावर त्यांनी डबी देवाच्या कोनाड्यात ठेवली आणि माझ्याकडे न पाहता विचारलं, गोळी जेवणाआधी का जेवल्यावर. मी मोरीवर जाऊन खूप रडले. मग बॅग रिकामी केली.

पुढच्या मे महिन्यात बाबाजी आले. सदरा खुंटीला टांगला, चढले. आधी स्वयंपाकघर, मग ओसरी, मग आमच्या खोलीवर येऊन बसले. मी अंगणात पाणी भरत होते, सासूबाई ओसरीवर. आता लपवण्यासारखं त्या कोपऱ्यात काहीच नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, बाबाजी सोडून. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. वरून हाक आली, "उघडतो जी!"

आजवर घरातल्या रिकाम्या खोलीचं उत्तर सासूबाईच द्यायच्या. त्यांनी तोंड उघडलंही. मग थांबल्या आणि वर मान करून म्हणाल्या, "थांबा जी. ते खोली सुनेची हाय. तिले इचारा."

बाबाजी कवेलूवरचा हात मागं घेऊन बसले. मी बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले, खोलीत गेले आणि तिथून म्हटलं, "उघडा, बाबाजी."