पेढा मी खाल्ला न्हाय

पेढा मी खाल्ला न्हाय, बर्फीबी खाल्ली न्हाय. घसा कोरडा पडंस्तवर सांगितलं, पण एकीनं विश्वास ठेवला असंल तर शपथ!

शिवाजी पेठेत आक्काताईंच्या घरी आमी तिघी गोडाच्या ऑर्डरी करतो. आक्काताई मालकीण, शालन लाटणार, मी चव बघणार. शाळा माझी चौथीपर्यंत, पण साखर चिमूटभर कमी असली तरी जिभेला कळती. त्या संशयापायी आक्काताईंनी माझा चाखायचा चमचा काढून शालनला दिला. शालनला! जिला बिनसाखरेचा चहाबी "छान" लागतो!

असू दे. गोडाच्या घरात किस्से मुंग्यांगत. एक झटकला की मागं रांग.

*

संकष्टी होती. तिघींचा उपास, आणि ऑर्डर पुरणाची! चाखणार कोण?

मी वाटी घेऊन रस्त्यावर गेले. एक जण गाडीला किक मारत हुते. म्हटलं, "पावणं, तोंड उघडा!"

उघडलं बिचाऱ्यांनी. वाटी चाटूनपुसून संपवली.

"गोड कसं हाय?"

"एक नंबर." मग हळूच म्हणाले, "मला शुगर हाय. पण तुमचा आवाज ऐकून न्हाय म्हणायचं धाडस झालं न्हाय!"

*

हुपरीचे एक चांदीचे कारागीर लग्नाची ऑर्डर द्यायला आले. नमुना म्हणून बर्फी ठेवली. त्यांनी खिशातनं भिंग काढलं आणि वर्ख बघायला लागले! नखानं खरवडला, जिभेवर ठेवला, मान हलवली. दुसरा तुकडा उचलला. तिसरा. आक्काताईंना घाम फुटला.

सातवा तुकडा गिळून गडी म्हणाला, "चांदीचं काय सांगता येत न्हाय. बर्फी मात्र अस्सल हाय!"

*

माझ्या वाढदिवसाला हॉटेलात गेलो. शालननं फोटो बघून ब्राऊनी मागवली. आली ती तापल्या लोखंडी ताटलीत, चर्रर्र आवाज करत, नुसता धूर! शालननं मागचापुढचा इचार न करता तांब्याभर पाणी ओतलं.

वेटर पळत आला. "मॅडम, ते तसंच असतंय!"

"आमच्यात पेटल्यालं गिऱ्हाइकाला देत न्हाईत!"

भिजल्याली ब्राऊनी मीच खाल्ली. टाकायची कशाला? चहात पडलेल्या बिस्किटागत लागली, पण चॉकलेट झकास हुतं.

*

आता त्या पेढ्याचं.

आक्काताईंची सून शीतल. तिचं डोहाळजेवण. आमच्यात दोन वाट्या झाकून ठेवत्यात, एकीत पेढा, एकीत बर्फी. पोटुशीनं एक उघडायची. पेढा आला तर पोरगा, बर्फी आली तर पोरगी. नुसती गंमत, पण बायका श्वास धरून बघत्यात.

वाट्यांचं ताट मी आणून शीतलच्या झोपाळ्याशेजारी ठेवलं. फोटोवाल्यानं तिच्या हातात धनुष्य दिलं आणि "स्माईल, वहिनी!" करत दीड तास बसवलं. पोरीच्या पोटात सकाळपास्नं फक्त चहा.

शेवटी तिनं वाटी उघडली. रिकामी!

दुसरी उघडली. तीबी रिकामी!

आक्काताई किंचाळल्या, "अगं म्हंजे काय? पोटात गॅस हाय काय?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडं. शालन म्हणाली, "हिनंच चव बघितली असंल. सवय वाईट."

तवापास्नं तीन महिने मी नुसती भांडी घासली. शालन चमच्यानं चाखायची, "छान" म्हणायची, आणि खारट लाडू परत यायचे.

परवा शीतलच्या लेकीचं बारसं झालं. पाळणा सजवला, आणि वेळ जायला म्हणून फोटोवाल्याकडनं नुकताच आल्याला डोहाळजेवणाचा व्हिडिओ टीव्हीवर लावला. पडद्यावर शीतल. एका हातात धनुष्य. दुसरा हात वाटीत. गाल हा एवढा फुगल्याला!

सगळ्या बायका शीतलकडं वळल्या.

"शीतल!" आक्काताई म्हणाल्या. "तू?"

"मला कुठं खायचं हुतं, आई?" शीतलनं पाळण्याकडं बोट केलं. "आतनं मागणी आलती."

आक्काताईंनी पाळण्यात बघितलं. माझ्याकडं बघितलं. शालनच्या हातातला चमचा ओढून माझ्या हातात दिला आणि आपल्या लेकीला, म्हंजे बाळाच्या आत्याला, म्हणाल्या, "खाल्लं कुणी ते कळलं. आता नाव तेवढं कळू दे. ठेव की!"

आत्या पाळण्यावर वाकली, बाळाच्या कानात कुर्रर्र केलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली,

"शर्वरी!"