महादेव भोपीच्या अंगणातला आहेर

नेऱ्याजवळच्या महादेव भोपीला खोटं बोलायची सवय नव्हती, हौस होती. विहिरीत मगर पाहिली म्हणाला की अर्धा गाव वाकून बघायचा. पण या हौसेपायी गड्याने एकुलत्या एक लेकीची हळद बुडवायची वेळ आणली, त्याला काय म्हणावं?

अंकिताची हळद रविवारी. अंगणात चिखल, पाय ठेवला की घोट्यापर्यंत आत. मांडव रोवणार कुठे अन् गाव नाचणार कुठे? चिखलावर खडी पसरावी म्हणून महादेवनं मागची पडवी पाडली आणि पनवेलहून ताहेरभाईंना बोलावलं. ट्रेलरवर बसवलेला क्रशर दारात आणून ते राडारोड्याची खडी करून देत.

"परवानगी बिरवानगी?" महादेवनं विचारलं.

"आपल्याच घराचा माल, आपल्याच अंगणात, आणि थोडका, तर सूट आहे. दुसऱ्याचं मात्र काही घेऊ नका, खुदा के वास्ते!"

पण आगरी गावात हळद एका घरची असते होय? मांडवाला रिकाम्या हातानं कोण येतं? शेजारच्या शिवानं मोडलेला ओटा आणून ओतला, दमयंतीकाकूनं जुनी न्हाणी फोडून पाठवली, कुणी संडासाच्या फरशा. "पोरीला आमचा आहेर," म्हणत जो तो टेम्पो रिकामा करून गेला. महादेवला कुणाला नाय म्हणवेना. संध्याकाळपर्यंत अंगणात डोंगर उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी क्रशर सुरू झाला, धुळीची तक्रार गेली आणि प्रदूषण खात्याचे साहेब हजर.

"हे सगळं कुणाचं?"

"माजाच, सायेब. माजी पडवी."

साहेबांनी बुटानं ढीग उकरला. गुलाबी, हिरव्या, निळ्या फरशा निघाल्या. "पडवीत इतक्या न्हाण्या?"

"बायकोला रंगांची आवड हाय."

बायकोनं, गोदूनं, कपाळावर हात मारून घेतला.

"वा! म्हणजे राजवाडाच पाडलात. सूट छोट्या कामाला असते. परवानगी दाखवा, नाहीतर मशीनला सील."

आता महादेव अडकला. खरं सांगावं तर माल दुसऱ्याचा, थाप रेटावी तर राजवाडा. इकडे आड, तिकडे विहीर! मशीन गेलं तर मांडव गेला, आणि ताहेरभाईंचं पोटही गेलं. दारात अंकिता उभी होती. तिच्याकडे बघून त्याला फार लाज वाटली.

"सायेब, माजी ती कोपऱ्यातली ढिगली फक्त. बाकी गावानी पोरीला दिलाय. मी खोटा बोललो."

साहेबांना हसू आवरेना. "मग ज्याचं त्याच्या दारात न्या. तिथे त्याला सूट आहे."

आता गाव बिघडला. दमयंतीकाकू तर फुरंगटून बसली. "दिलेला आहेर परत घेतात का गो कंदी?"

गोदू कंबर खोचून म्हणाली, "आहेर तुमच्या दारात येतोय, तर हलद पन तितंच आनते. मग झाला?"

झालंच की! क्रशर दारोदार फिरला, ज्यानं त्यानं आपली खडी आपल्याच अंगणात पसरली आणि मांडव अख्ख्या आळीभर लांबला. रविवारी अंकिता एकेका अंगणात पाटावर बसली. प्रत्येक घरानं तिला हळद लावली, प्रत्येक अंगणात बेंजो वाजला. महादेवच्या अंगणात जेमतेम पाटापुरती कोरडी जागा झाली होती, म्हणून ते सगळ्यात शेवटी.

बापाची पाळी आली तेव्हा लेकीच्या तोंडावर बोट टेकायला जागा उरली नव्हती. महादेव हळदीचा हात तसाच धरून उभा राहिला, हसला आणि भोकाड पसरून रडला. अंकितानं तो हात ओढला आणि त्याच्याच गालाला फासला.