शिमग्याच्या दिवशीची साक्ष

"साहेब, माझ्याच घरात राहायला मला आता कुणाची परवानगी लागणार?" त्या बाईंचा हा प्रश्न निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मी तेव्हा गोरेगावातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. बाई पंच्याहत्तरीच्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी करून त्याने दोन खोल्यांचं घर घेतलं. मूलबाळ नाही. नवरा जाऊन दोन महिने होतात न होतात तोच पुतण्याने मृत्युपत्र बाहेर काढलं. घर पुतण्याला, काकूने गावी राहावं, असं त्यात होतं. इमारत पुनर्विकासाला जाणार होती, म्हणून महिनाअखेर खोल्या रिकाम्या करा, असं त्याने काकूला बजावलं होतं.

'दिवाणी बाब आहे, कोर्टात जा,' असं सांगून ठाण्यातून त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. खरं सांगतो, मीही तोच शेरा मारणार होतो. मृत्युपत्र व्यवस्थित टाइप केलेलं. खाली सही, तारीख आणि दोन साक्षीदार. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नसते, त्यामुळे तिथेही बोट ठेवायला जागा नव्हती. पण काकू-पुतण्या दोघांना समोर बसवलं, तर बाईंना विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पुतण्याच द्यायला लागला. "काकूला आठवत नाही, साहेब," हे त्याचं पालुपद. मी त्याला बाहेर काढलं.

"मावशी, सही यजमानांचीच आहे?"

"सही त्यांचीच. तारीखपण त्यांनीच टाकलीय. दुधाच्या पावतीवर सही केली तरी खाली तारीख टाकायचे. पण असलं काय केलं असतं तर मला बोलले नसते?"

"कोर्टात जाल?"

"जाईन ना. पण निकाल लागेपर्यंत राहू कुठे, ते सांगा."

तक्रार अर्ज मी त्याच दिवशी चौकशीला घेतला.

सहीच खरी, म्हणजे हस्ताक्षरतज्ज्ञाचा उपयोग नव्हता. उरले साक्षीदार. पहिला पुतण्याचा मित्र, तो पढवल्यासारखा घडाघडा बोलून गेला. दुसरे बाईंच्याच मजल्यावरचे आणि त्यांच्या शेजारच्या गावचे सत्तरीतले गृहस्थ. सोसायटीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्यांची सही आहे म्हटल्यावर सगळ्यांनी मृत्युपत्र खरं धरलं होतं. त्यांनीही सही आपल्यासमोर झाल्याचं सांगितलं.

त्यांचा जबाब लिहून झाल्यावर आमचे कोकणातले हवालदार माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, मृत्युपत्रावरची तारीख मला पाठ आहे. शिमग्याला घरी पालखी येणार म्हणून मी त्या दिवसाची रजा मागितली होती. तुम्ही नामंजूर केलीत. मी नाक्यावर बंदोबस्ताला उभा होतो."

रजेचा राग त्यांनी वर्षभर मनात धरला होता, आणि फार बरं केलं.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मुंबईतला चाकरमानी एक वेळ नोकरी धोक्यात घालेल, पण पालखीच्या दिवशी गावचं घर बंद ठेवणार नाही. हवालदारांनी गावात फोन लावला. त्या गृहस्थांच्या वाडीत पालखी नेमकी त्याच दिवशी होती. मी त्यांना पुन्हा बोलावलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"काका, सही कुठे झाली म्हणालात?"

"त्यांच्या घरी. संध्याकाळी."

"म्हणजे गावी पालखी आली तेव्हा तुमचं घर बंद होतं?"

"बंद कसं असेल? मी होतो ना! ओटी मीच भरली..."

हवालदारांनी पेन उचललं. "दोन्हीपैकी एकच खरं असणार. पालखीला नव्हतो, असं लिहू का?"

"नको रे बाबा, तसं नको लिहू!"

मृत्युपत्राबाबत ते खोटं बोलू शकले होते, देवाबाबत त्यांची जीभ वळेना. शेवटी त्यांनी खरं सांगितलं. काकाच्या बाराव्याला पुतण्या कागद घेऊन आला होता. 'काकांची हीच इच्छा होती, फक्त साक्ष राहिलीय,' असं म्हणाला. यांनी भिडेखातर न वाचता सही ठोकली. हा जबाब समोर ठेवल्यावर पुतण्याही फार वेळ टिकला नाही. बँकेच्या कामासाठी म्हणून त्याने काकाची कोऱ्या कागदावर सही घेतली होती. काकाने सवयीने खाली तारीख टाकली, ती याला बदलता येईना. त्या तारखेनेच त्याची वाट लावली.

गुन्हा दाखल झाला, पुतण्याला आणि त्याच्या मित्राला अटक झाली. खटला माझ्या निवृत्तीनंतरही चालू होता. पण घर रिकामं करण्याची भाषा त्याच दिवशी बंद झाली आणि सोसायटीने वारस म्हणून बाईंचं नाव लावायला घेतलं.

त्यानंतर वयस्कर माणसाला एकट्याने बोलू दिल्याशिवाय मी कधीही 'दिवाणी बाब' असा शेरा मारला नाही. बऱ्याचदा तो शेरा म्हणजे आमचा आळस असतो. आणि त्या नवऱ्याचंही चुकलंच. बायको त्याचा जीव की प्राण होती, पण आपल्या मागे घर हिचं, एवढं चार ओळींत लिहून ठेवायला तो कचरला. मरणाचं बोलणं अभद्र वाटतं आपल्याला! त्यापायी ती माऊली माझ्या ठाण्याच्या बाकावर तीन दिवस येऊन बसली.

काही महिन्यांनी बाई पुन्हा ठाण्यात आल्या. मी दचकलोच. पण त्या खुशीत होत्या.

"मृत्युपत्र केलं, साहेब. डॉक्टरचा दाखला जोडला, नोंदणीपण केली."

"झकास. घर कुणाला दिलंत?"

"ते नाय सांगणार. सासरचे, माहेरचे, सगळे आता रोज फोन करतात, जेवलीस का, गोळी घेतलीस का. विचारू देत की!"