पिशवी कोणाशेजारी?

परळला आमच्या चाळीच्या हॉलमध्ये दर शनिवारी संध्याकाळी आम्ही सगळे मिळून गातो. कोणीही यावं. ना फी, ना परीक्षा. फक्त प्रत्येकाची खुर्ची ठरलेली असते, आणि ती दुसऱ्याने घेतली की तोंडं वाकडी होतात.

एका बाईंची तेवढी ठरत नव्हती. साठीच्या असतील, केसांत अबोलीचा गजरा, हातात कापडी पिशवी. दारात उभं राहून सगळ्यांवर नजर फिरवायच्या आणि दर वेळी नव्याच खुर्चीवर पिशवी ठेवायच्या. एकदा तर बँकेतल्या त्या गृहस्थांशेजारी बसल्या, ज्यांचा आवाज पार हिंदमाता चौकापर्यंत जातो! मला राहवेना. चहाच्या वेळी विचारलंच, "मावशी, तुम्ही एका जागी का बसत नाही?"

बशीत चहा ओतत त्या म्हणाल्या, "अगो, ज्याचा सूर एकटा पडतो ना, त्याच्या बाजूला बसते. दोघं मिळून चुकलो की लाज नाय वाटत. मग लागतो सूर."

पुढच्या शनिवारी मी मजेत बघत होते, आज कोणाची पाळी? पिशवी माझ्या शेजारी आली.

माझा चेहराच पडला. मी आपली स्वतःला सुरेल समजत होते. पण पहिल्याच ओळीला त्यांचा आवाज माझ्या आवाजाशी येऊन टेकला, आणि इतकी वर्षं मी एकटीच गात होते हे मला कळलं.

आता माझा सूर बरा लागतो. मावशींना कळू नये म्हणून अधूनमधून मुद्दाम चुकते.