काठावर लागणारे, पाण्यात विझणारे दिवे

सोमवार, १९ जानेवारी

गणपतीनंतर इथे एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल माफ करा. कारणं आहेत, पण ती लिहायला बसले की माझी मलाच पटत नाहीत. म्हणून सरळ प्रवासाकडे वळते.

मनीषा माझी कॉलेजातली मैत्रीण. लग्न होऊन जुन्नर तालुक्यात, येडगाव धरणाच्या पाण्याकाठच्या शेतावर गेली. दोन खोल्या बांधून तिने कृषी पर्यटन सुरू केलं आणि मागच्या उन्हाळ्यात एक बोटही करून घेतली. निळ्या प्लास्टिकच्या पिंपांवर लोखंडी चौकट, वर फळ्या, कडेला रेलिंग, डोक्यावर ताडपत्रीचं छत आणि छताला दिवे. गेल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"दिवाळीपासून दिवे वेड्यासारखे करतायत गं. काठावर लागतात, पाण्यात गेलं की जातात. बॅटरी बदलली, फ्यूज बदलला, स्विच बदलला. शनिवारी मंचरहून निवृत्त शिक्षकांचा ग्रुप येतोय, सूर्यास्त बघायला. आणि मी नानांना शब्द देऊन बसलेय."

नाना म्हणजे तिचे थोरले दीर. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागे सरकतं, तशी पाण्याची मोटार पाण्यामागे न्यावी लागते. ती पिंपांवर तरंगती ठेवली की काम सोपं. नानांचा डोळा बोटीच्या पिंपांवर होता. शनिवारी दिवे लागले नाहीत तर रविवारी बोट खोलायची आणि पिंपं नानांना द्यायची, असं मनीषा चिडून सगळ्यांसमोर बोलून गेली होती. नानांनी ते लक्षात ठेवलं होतं.

मी बी. एस्सी. फिजिक्स. नोकरी केली ती मात्र बँकेत. घरातले मिक्सर-पंखे उघडून बघायची हौस, एवढंच माझं भांडवल. "मी येते" म्हणून फोन ठेवला आणि नंतर विचार केला की मी नक्की कशाच्या बळावर हो म्हटलं?

शुक्रवारी सकाळी लवकर निघाले. ज्यांना जायचं असेल त्यांनी चाकण उजाडायच्या आत ओलांडावं, नाहीतर तिथेच सकाळ संपते. आदल्या दिवशी बुधवार पेठेतून मल्टिमीटरचा नवा सेल आणि काळ्या वायरचं एक बंडल घेतलं होतं. आतल्या तारांना कथिलाचा पांढरा मुलामा असलेली वायर, दमटपणात लवकर हिरवी पडत नाही. मंचरला बायपास सोडून मुद्दाम गावात शिरले, चहासाठी. चहा चांगला मिळाला, पण कांद्याच्या ट्रकांमागे इतका वेळ अडकले की पुन्हा तसं करणार नाही. नारायणगावला वळल्यावर रस्ता अरुंद होतो. दोन्हीकडे द्राक्षबागा, मग ऊस, आणि उसाच्या फटीतून अचानक पाणी.

मनीषाकडे राहणं-जेवण घरगुती आहे. मासवडी आधी सांगितली तरच मिळते. बोटीत लाइफ जॅकेट सगळ्यांना सक्तीचं. आणि अंधार पडल्यावर उसाच्या कडेने एकटं फिरायचं नाही, बिबट्या असतो. हे ती पाहुण्यांना, पायऱ्या निसरड्या आहेत हं, अशा सुरात सांगते.

संध्याकाळी बोट बघायला गेलो. काठापासून बोटीवर चढायला एक लोखंडी शिडी. तिचे आकडे रेलिंगच्या दांड्यात अडकवायचे, आणि शिडी खालच्या चौकटीवर घट्ट टेकते. आम्ही चढलो. मनीषाने स्विच दाबला, छताखालचे सगळे दिवे लख्ख लागले. तिने शिडी काढून काठावर ढकलली, इंजिनाची दोरी ओढली, इंजिन धडधडलं. वर बघितलं तर दिवे गेलेले.

"बघितलंस?"

बघितलं. पाण्याच्या मध्यावर संधिप्रकाशात आम्ही दोघी काळोख्या छताखाली बसलो होतो. माझ्या डोक्यात लगेच सिद्धांत तयार झाला की इंजिनाच्या हादऱ्याने कुठेतरी सांधा सुटत असणार. इतक्या झटपट सुचलेल्या उत्तरावर मी विश्वास ठेवायला नको होता. ठेवला.

काठावर नाना उभे होते. साठीचे, डोक्याला मफलर.

"काय म्हणत्यात पुण्याचं इंजिनेर?"

"नाना, मी इंजिनीअर नाही. बँकेत आहे."

"मग बरंय. लाइट न्हाय लागली तरी हिशोब बरोबर जमंल. तीन आन् तीन सा पिंपं." स्वतःच हसले. मनीषा हसली नाही.

शनिवारी सकाळी आम्ही दोघी आळेफाट्याला गेलो. बोटीचं वायरिंग तिथल्या अस्लमभाईंनी केलं होतं. त्यांचं गॅरेज ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांच्या मधोमध आहे. ते एका ट्रॅक्टरच्या हेडलाइटमध्ये डोकं घालून बसले होते.

"वायर एकच दिलीय का हो प्रत्येक दिव्याला?" मी विचारलं.

"एकच. दुसरी बॉडीला. ट्रॅक्टरला कधी दोन वायरी बघितल्या का ताई?"

गाड्यांमध्ये असंच असतं. बॅटरीतून एक वायर दिव्यापर्यंत जाते आणि करंट परत येतो तो गाडीच्या लोखंडी अंगातून. दुसऱ्या वायरचा खर्च वाचतो. बोटीत बॅटरीची उणे बाजू खालच्या चौकटीला जोडलेली, आणि दिव्यांची दुसरी टोकं छताच्या पाइपला. पाइप रेलिंगला, रेलिंग चौकटीत. म्हणजे सगळं लोखंड हीच दुसरी वायर.

"आणि चौकट ते रेलिंग जोड कसा आहे?"

"चौकटीला पाइपाचे तुकडे वेल्ड केलेत, त्यात रेलिंगचे पाय उभे खोचलेत. लोखंडाला लोखंड. माझ्याकडनं गेली तवा लाइट चालू व्हती का नाय, सांगा मनीषाताई?"

"होती," मनीषा म्हणाली. "पाडव्याला आम्ही पूजा केली तेव्हाही होती."

"मग माझ्या नावानं का बोंब?" असं म्हणून त्यांनी आम्हाला चहा पाजला आणि वायरच्या टोकांना लावायच्या तांब्याच्या कड्या मूठभर दिल्या.

परत आल्यावर मी मीटर घेऊन बोटीवर बसले. शिडी लावलेली, दिवे लागलेले. प्रत्येक सांधा हलवून पाहिला. काही होईना. मग मनीषाला इंजिन सुरू करायला सांगितलं. इंजिन धडधडलं.

दिवे तसेच.

माझा सिद्धांत तिथेच संपला. इंजिन जोरात करून पाहिलं, मंद करून पाहिलं. दिवे ढिम्म हलेनात. दुपार होत आली होती. मनीषा सारखी घड्याळाकडे बघत होती, आणि मला वाटायला लागलं की तिने माझ्याऐवजी एखादा खरा कारागीर बोलावला असता तर बरं झालं असतं.

तेवढ्यात नाना आले. पाण्याच्या टाकीवर चढायला त्यांना शिडी हवी होती. न विचारताच त्यांनी आकडे सोडवले आणि शिडी उचलली.

दिवे गेले.

"ठेवा! नाना, ठेवा ती!" मी एवढ्या जोरात ओरडले की ते दचकले आणि शिडी परत रेलिंगवर आदळली. दिवे आले.

"पुन्हा उचला."

"काय येड लागलं का काय?" पण उचलली. गेले. टेकवली. आले. तिसऱ्या वेळी नाना स्वतःच छताकडे बघत उचलायला लागले. "आयला," म्हणाले, "शिडीत करंट हाय व्हय?"

करंट शिडीतूनच परत जात होता. रेलिंग आणि चौकट यांना जोडणारी तीच एक गोष्ट उरली होती. बोट सोडताना शिडी काढणं आणि इंजिन सुरू करणं एकापाठोपाठ होत असे, म्हणून सगळ्यांनी, मीही, दोष इंजिनाला दिला. एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची, हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत शिकले होते. इथे ते नानांना टाकी बघायची होती म्हणून घडलं.

मग रेलिंगचा एक पाय ठोकून वर काढला. पायाला तळापासून काळं रबर गुंडाळलेलं. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या, अगदी नीट, ताणून. दुसरा पाय काढला, तोही तसाच. सगळेच तसे. लोखंडाला लोखंड कुठेच लागत नव्हतं.

"हे कुणी केलं?" मनीषाने विचारलं. आवाज अगदी हळू होता.

मी नानांकडे पाहिलं. ट्रॅक्टर त्यांचा, ट्यूब त्यांची, आणि पिंपंही त्यांनाच हवी होती. माझ्या मनात जे आलं ते मनीषाच्याही मनात आलं, हे तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मी," नाना म्हणाले.

त्यांनी काढलेला एक पाय उचलून त्यावरच्या रबरावर अंगठा फिरवला.

"खडखड वाजत व्हतं. तिचं डोकं दुखतं आवाजानं."

"कुणाचं?"

नाना शिडीकडे बघत राहिले. उत्तर काठावरून आलं. मालनवहिनी, म्हणजे नानांची बायको, धुण्याची बादली घेऊन उभ्या होत्या. "माझं. सांगा की आता. पाडव्याला काय पायजे म्हणून इचारलं, मी म्हणलं, साडी नको, बोटीत बसवा. तू भाऊबीजेला माहेरी गेली व्हतीस ना मनीषा, तवा नेलं मला. पार पल्याडच्या काठाला."

"नाना! तुम्ही तर म्हणाला होता, मेलो तरी त्या बोटीत पाय ठेवणार नाही!"

"तुझ्यासमोर न्हाय ठेवला," नाना म्हणाले. "आन् इंजिनाचं काय मोठं? फवारणीच्या पंपासारखीच दोरी ओढायची."

"पण सांगायचं ना!"

"सांगून काय करू? गावभर झालं असतं."

वहिनी तोंडाला पदर लावून हसत होत्या. "जाताना लई खडखडली, म्हणून येऊन लगेच रबर ठोकलं. म्हणले, पुढल्या टायमाला आवाज न्हाय येणार."

पुढल्या टायमाला. ते शब्द नानांनीही ऐकले आणि मफलर सारखा केला.

दुपारचं जेवण बोटीवरच झालं, भाकरी आणि ठेचा, कारण वेळ नव्हता. रबर काढलं तर पुन्हा खडखड. म्हणून रबर राहू दिलं आणि प्रत्येक दिव्याला त्याची स्वतःची दुसरी, काळी वायर द्यायची ठरवलं, थेट बॅटरीपर्यंत. मी टोकांना कड्या दाबत होते, मनीषा वायर पाइपला बांधत होती. नाना विळ्याने वायर सोलत होते, माझ्यापेक्षा वाईट, पण माझ्यापेक्षा भरभर. ट्रॅक्टरला एक वायर पुरते आणि बोटीला का नाही, यावर त्यांनी माझ्याशी वाद घातला. मी म्हटलं, ट्रॅक्टरच्या पायांना कुणी रबर गुंडाळत नाही. ते म्हणाले, "टायर काय मग कापडाचं असतंय?"

वायर मागच्या दिव्यापाशी येऊन संपली. तो एक राहिला.

शिक्षक मंडळी आली, जॅकेटं घातली, फोटो काढले. शिडी काठावर ढकलली तेव्हा मनीषाने माझा हात इतका घट्ट धरला की अंगठी रुतली. इंजिन सुरू झालं. मागचा दिवा शिडीबरोबरच गेला होता. बाकीचे सगळे पाण्याच्या मध्यापर्यंत लागून राहिले, आणि सूर्य गेल्यावर त्यांचा उजेड पाण्यात सरळ उभा दिसायला लागला. काठावर परतलो तेव्हा त्याच उजेडात सगळे उसाच्या कडेने घराकडे गेले.

नाना बोटीत नव्हते. पिंपांबद्दल त्या रात्री कुणी काही बोललं नाही. रविवारीही नाही. मी द्राक्षांची पेटी घेऊन निघाले तेव्हा बोट पाण्यात होती, पण पाणी अजून मागे सरकलेलं नव्हतं, त्यामुळे त्याचा अर्थ काय लावायचा ते मला कळेना.

घरी येऊन दिवे कसे दुरुस्त झाले ते लिहायला बसले आणि मन सारखं त्या क्षणावर जातंय, जेव्हा मी नानांकडे पाहिलं होतं. मी बोलले काहीच नाही. पण मीटर हातात असताना, काहीही न मोजता, मी एका माणसाबद्दल निकाल लावून टाकला होता. इंजिनाच्या बाबतीत जी घाई केली, तीच. मनीषा हे वाचेल. तिने नानांना वाचून दाखवायला माझी हरकत नाही.

आज सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला.

"मी नाना बोलतोय. ती मागची लाइट ऱ्हायलीय."

"हो नाना, वायर संपली होती."

"ती पांढऱ्या तारंची वायर नारायणगावात इचारली, न्हाय म्हणले. तेवढी धाडा. मी जोडतो." मग हळू आवाजात, "हिला अंधारात मागं बसाय भ्या वाटतं."

"आणि मोटारीला पिंपं?"

"दुसरी बघितल्यात," म्हणाले आणि फोन ठेवला.

उद्या: बुधवार पेठेतून काळी वायर घेऊन नानांच्या नावाने पाठवणे.