मिंकाची चार वाक्यं

द्रेनोव दोल गावच्या वाचनगृहात मिंका बेल्चेवा एकतीस वर्षं प्रॉम्प्टर होती, आणि या एकतीस वर्षांत तिला रंगमंचावर कुणी पाहिलं नव्हतं. तिची जागा रंगमंचाच्या खाली. पुढच्या कडेला मधोमध एक चौकोनी भोक, त्यावर प्रेक्षकांच्या बाजूने अर्ध्या पिंपासारखं लाकडी झाकण, आणि आत एक स्टूल. त्या स्टुलावर बसलं की तिचं डोकं नटांच्या बुटांच्या पातळीला यायचं. माणूस अडखळायच्या बेतात असला की आधी त्याच्या बुटातला अंगठा हलतो, हे तिला अनुभवाने ठाऊक झालं होतं. अंगठा हलला की ती पुढचं वाक्य पुटपुटायची आणि वरचा माणूस ते मोठ्याने म्हणायचा. टाळ्या वरच्याला पडायच्या. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

आता नावालाच वाचनगृह. पुस्तकं वरच्या मजल्यावर आहेत आणि त्यांच्यावरची धूळही तिथेच आहे. खरा जीव खालच्या दालनात: एकशे ऐंशी खुर्च्या, छतावर रंगवलेले, पोपडे सुटलेले तारे, आणि वर्षाला एक नाटक. ही इमारत आपल्या पणजोबांनी नदीतले दगड बैलगाडीतून आणून बांधली असं गावात जो तो सांगतो. सगळ्यांच्या पणजोबांनी खरंच दगड आणले असते तर इमारत दुप्पट मोठी झाली असती, पण ते जाऊ दे. नट म्हणजे बेकरीवाला, दातांची डॉक्टरीण, वनखात्यातले दोघे भाऊ. पैसा कुणालाच मिळत नाही, त्यामुळे पाठांतराची सक्तीही कुणावर करता येत नाही. पाठांतर मिंकाचं. बाकीच्यांनी ऐकायचं आणि बोलायचं.

मिंका मूळची टेलिफोन एक्स्चेंजमधली. एक्स्चेंज बंद पडेपर्यंत तिने अख्ख्या गावाची बोलणी एकमेकांना जोडून दिली. तिचं स्वतःचं वाक्य एकच होतं: "थांबा, जोडते." नवरा गेंचो जिल्ह्याच्या गावाला जाणारी बस चालवायचा. तोही आता निवृत्त झालेला, आणि मुळातच कमी बोलणारा. प्रत्येक नाटकाला तो तिसऱ्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसायचा. तिथून त्याला त्या लाकडी झाकणाच्या पाठीशिवाय बायकोचं काही म्हणजे काही दिसत नसे. लोक चेष्टा करायचे, "गेंचो, पिंपच बघायचंय तर घरी वाइनचं आहे की." तो म्हणायचा, "ऐकू येतं मला तिथून." एवढं बोलून पुन्हा समोर बघत बसायचा.

या हिवाळ्यात एक इंजिनियर आला. त्याने रंगमंचाखालच्या तुळईत स्क्रूड्रायव्हर खुपसून पाहिला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. जुन्या फळ्या गेल्या, नव्या आल्या, आणि भोक कायमचं बुजलं. मिंकाचं स्टूल वरच्या मजल्यावर पुस्तकांशेजारी जाऊन बसलं.

नाटक बसवणारी कालिना शाळेत इतिहास शिकवते. वय बत्तीस, मन चांगलं, घाई फार. ती मिठाईचा डबा घेऊन मिंकाकडे आली.

"मिंका मावशी, जागा गेली म्हणून तुम्ही जायचं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला मी वर आणते. आजीचं काम आहे. सगळ्या नाटकात नुसतं खुर्चीत बसायचं आणि शेवटी चार वाक्यं."

"चारच?" मिंका म्हणाली.

"तुम्हाला तर अख्खी नाटकं पाठ. चार वाक्यं म्हणजे तुमच्यासाठी खेळ आहे."

दोघींनाही ते खरं वाटलं. तिथेच घोटाळा झाला.

नाटक असं होतं की दोन घरांच्या मधोमध एक अक्रोडाचं झाड असतं. झाड कुणाचं यावरून दोन्ही घरं भांडतात, लग्नाच्या दिवशीच कुऱ्हाड बाहेर निघते, आणि तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली आजी उठून उभी राहते. म्हणते, "हे झाड मी लावलं. तेव्हा इथे कुंपण नव्हतं. दोन्ही घरांना सावली मिळावी म्हणून मधोमध लावलं. आता आणा कुऱ्हाड, मी इथेच बसलेय." एवढंच.

आठवड्याभरात मिंकाला नाटक पाठ झालं. म्हणजे सगळ्यांचं. पहिल्याच तालमीला ती खुर्चीत बसून प्रत्येकाच्या वाक्याबरोबर ओठ हलवायला लागली. नवरी रडली की तिचेही ओठ रडायचे. कालिनाने तिला तोंडात धरायला पेपरमिंटची गोळी दिली. गोळी पहिल्या अंकात विरघळली आणि दुसऱ्या अंकात ओठ पुन्हा सुरू झाले.

मग तिची पाळी आली. रंगमंचावर शांतता पसरली. सगळे तिच्याकडे बघू लागले. मिंकाला एकतीस वर्षांत शांततेचा एकच अर्थ माहीत होता: कुणीतरी विसरलंय. तिने भराभर सगळ्यांच्या बुटांकडे पाहिलं. कुणाचाच अंगठा हलत नव्हता. तिचा स्वतःचा हलत होता, पण त्याच्याकडे बघायची तिला सवय नव्हती. मग तिने शेजारी उभ्या असलेल्या, नाटकात तिचा मुलगा झालेल्या पांतेलेई बेकरीवाल्याकडे झुकून हळूच सांगितलं, "हे झाड मी लावलं."

आणि पांतेलेई छाती पुढे काढून गरजला, "हे झाड मी लावलं."

दालनात हशा पिकला. दातांच्या डॉक्टरीणबाई तर खाली बसल्या.

"पांतेलेई, ते तिचं वाक्य आहे," कालिना म्हणाली.

"असेल. मिंकाताईंनी सांगितलं, मी बोललो. आजवर कधी विचारलंय मी, का म्हणून?"

पुन्हा केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी पांतेलेईने कानात कापसाचे बोळे घातले, तर मिंकाने वाक्य दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या नवरीला सांगितलं आणि झाड नवरीने लावलं. त्या आठवड्यात मिंका सोडून जवळजवळ सगळ्यांचं ते झाड लावून झालं.

गंमत अशी की घरी तिला ते सहज जमायचं. भांडी घासताना, मांजरीसमोर, अंगणात कपडे वाळत घालताना चारही वाक्यं खणखणीत. वाचनगृहाच्या नव्या फळ्यांवर पाय पडला की ती वाक्यं दुसऱ्या कुणाची तरी होऊन जायची. कुणाची, ते मात्र तिला कळत नव्हतं. हा गोंधळ हळूहळू बाहेरही यायला लागला. दुकानात कुणी विचारलं, "कशा आहात मिंकाताई?" तर ती क्षणभर आजूबाजूला बघायची, उत्तर कोण देतंय ते.

एका दुपारी बीन्सचं सूप वाढता वाढता तिने गेंचोला विचारलं, "मी 'मी' असं म्हणते तेव्हा ती 'मी' कोण असते रे?"

"कुठे म्हणतेस?"

"नाटकात. खाली बसायचे तेव्हा एका प्रयोगात शंभर वेळा 'मी' म्हणायचे. मी तुझा बाप, मी सरदार, मी विष घेतलंय. त्यातली एकही मी नव्हते. आता म्हणतात, ही एक 'मी' तूच आहेस. मला ती ओळखूच येत नाही."

गेंचोने चमचा खाली ठेवला. बराच विचार केला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

मिंकाला अशा वेळी त्याच्या डोक्यावर पातेलं उपडं करावंसं वाटायचं. तिने मिठाची बरणी त्याच्यापुढे आपटली आणि त्या दुपारी ती त्याच्याशी बोलली नाही. त्याला ते कळायला संध्याकाळ झाली.

शुक्रवारच्या तालमीनंतर कालिनाने तिला बाजूला घेतलं. पोरगी इतक्या मऊ आवाजात बोलली की मिंकाला आधीच धडकी भरली.

"मावशी, रविवारी प्रयोगात अडलंच तर ताण घेऊ नका. मी विंगेतून हात वर करीन आणि पांतेलेई म्हणेल, हे झाड आजोबांनी लावलं. पुढची वाक्यंही तोच ओढून नेईल. तुम्ही नुसतं बसून राहा. कुणाला कळणारसुद्धा नाही."

कुणाला कळणार नाही, हे तिला लागलं. एकतीस वर्षं कुणाला कळू नये हेच तर तिचं काम होतं, आणि ते तिने मान खाली घालून, खरं तर मान वर करून, नीट केलं होतं. आता वर बसूनही कुणाला कळणार नसेल तर पुढच्या वर्षी तिला खुर्चीसुद्धा कशाला लागेल? तिला वाईट वाटलं. रस्त्यात दोनदा डोळे पुसावे लागले इतकं वाईट वाटलं.

घरी तिने गेंचोला सांगितलं.

"आजोबा म्हणजे कोण?" त्याने विचारलं.

"पांतेलेई माझा मुलगा. त्याचे आजोबा म्हणजे माझे सासरे."

"म्हणजे झाड सासऱ्यांनी लावलं?"

"मला जमलं नाही तर सासऱ्यांनी लावलं."

गेंचोने मान डोलावली आणि मधमाश्यांची पेटी दुरुस्त करायला निघून गेला.

रविवारी चोवीस मे होता, अक्षरांचा सण. सकाळी पोरं फुलांच्या माळा घेऊन मिरवणुकीत फिरली आणि पाच वाजता सगळं गाव वाचनगृहात आलं. गेंचो टाय बांधून तिसऱ्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसला. त्याच्यासमोर आता झाकण नव्हतं.

प्रयोग बरा चालला. आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांना पाठांतर करावं लागलं होतं, त्यामुळे सगळे शाळेतल्या मुलांसारखे घाबरून, पण बरोबर बोलत होते. मिंका काळा रुमाल बांधून खुर्चीत बसली होती. ओठ तिने दातांखाली दाबून धरले होते. भांडण झालं, नवरी रडली, कुऱ्हाड आली. आणि मग ती शांतता.

मिंका उठून उभी राहिली. एवढं झालं. समोर एकशे ऐंशी चेहरे होते. तिला बुटांची सवय, चेहऱ्यांची नाही. वाक्य तिच्या डोक्यात होतं, जिभेवरही होतं, पण ते कुणाला द्यायचं ते कळेना. ती पांतेलेईकडे झुकली आणि पुटपुटली, "हे झाड मी लावलं."

पांतेलेईने ओठ घट्ट मिटले आणि छतावरच्या ताऱ्यांकडे पाहिलं. मिंकाचं वाक्य पुन्हा बोलायचं नाही अशी त्याने घरी बायकोसमोर शपथ घेतली होती. घाम त्याच्या कानामागून खाली उतरत होता, पण तो बोलला नाही. विंगेत कालिनाचा हात हळूहळू वर जायला लागला. पांतेलेईने श्वास घेतला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून एक घोगरा आवाज आला. कुजबुजायची सवय नसलेल्या माणसाची कुजबुज, दारापर्यंत ऐकू जाणारी.

"हे झाड सासऱ्यांनी लावलं."

मिंका गर्रकन तिकडे वळली. चुकीचं वाक्य कानावर पडलं की तिच्या अंगात जे व्हायचं ते झालं. एकतीस वर्षांत तिने कुणाचं एक अक्षर इकडचं तिकडे होऊ दिलं नव्हतं, आणि हा तर भर प्रयोगात, तोही घरचा माणूस.

"सासऱ्यांनी कुठलं?" ती म्हणाली. नुसती म्हणाली नाही, ओरडली. "मी. हे झाड मी लावलं."

छताखाली तो आवाज घुमला आणि तिचा तिलाच ऐकू आला. ती थांबली.

"तेव्हा इथे कुंपण नव्हतं," ती म्हणाली, आता सावकाश. "दोन्ही घरांना सावली मिळावी म्हणून मधोमध लावलं. आता आणा कुऱ्हाड, मी इथेच बसलेय."

आणि बसली. कुऱ्हाड धरलेल्या वनखात्यातल्या भावाने खरोखरच ती खाली ठेवली, तसं त्याला करायचंच होतं, पण तालमीत तो इतका घाबरला नव्हता. टाळ्या सुरू झाल्या. सासऱ्यांचं ते नाटकातलंच होतं असं निम्म्या गावाला वाटलं. उरलेल्यांनी गेंचोच्या पाठीवर थापा मारल्या. कालिनाने मिंकाला मिठी मारून सांगितलं की पुढच्या वर्षी अकरा वाक्यं, आणि मिंकाला कळेना की हसावं की ती अकराही कुणाच्या तरी कानात सांगून टाकावीत.

घरी आल्यावर तिने त्याला विचारलं, "तू चुकलास, की मुद्दाम म्हणालास?"

"काय?"

"सासरे."

"शुक्रवारी तूच तर सांगितलंस, सासऱ्यांनी लावलं." तो स्वयंपाकघरात गेला.

त्याचा कोट खुंटीला लावताना खिशात कागद लागला. बसच्या जुन्या वेळापत्रकाच्या पाठीवर, ड्रायव्हरच्या मोठ्या अक्षरात, तिची चार वाक्यं लिहिलेली होती. बरोबर होती. स्वल्पविरामासकट बरोबर. घड्या इतक्या मऊ झाल्या होत्या की कागद कितीतरी वेळा उघडून वाचलेला दिसत होता. सासऱ्यांचा त्यात कुठे पत्ता नव्हता.

मिंका कागद धरून उभी राहिली. घरी तोंडपाठ असलेलं वाक्य दिवे लागले की भलतंच बाहेर पडतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? शेकडो वेळा पाहिलं होतं तिने. आणि गेंचोने तीस वर्षांत एकदाही बस चुकीच्या वळणावर नेली नव्हती, हेही तिला माहीत होतं. दोन्ही खरं होतं. तिने पुन्हा वाचलं, आणि तरी तिला ठरवता येईना.

ती स्वयंपाकघराच्या दारात आली. तो सूप गरम करत होता.

"नीट ऐकू आलं का रे तिसऱ्या रांगेत?" तिने विचारलं.

"ऐकू तर नेहमीच यायचं," गेंचो म्हणाला. "आज दिसलीस."