बाजाराच्या शेडचा नकाशा

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. आणि तिला तर मी — विचारा हवं तर — ऑफिसात कुणी शिंकलं तरी येऊन सांगायचो. ही एक गोष्ट तेवढी पोटात राहिली. आता निवृत्त झालोय, तुमच्यापाशी मोकळा होतो.

महाडहून पोलादपूरकडे निघालात की हायवेलगत आमचं गाव लागतं. नाव नको. गाव छोटं, नगरपंचायत त्याहून छोटी. मी तिथला बाजार फी गोळा करणारा — म्हणजे सोमवारच्या बाजारात एकेका पाटीपुढे उभा राहून पावती फाडणारा. जकात केव्हाच गेली, जीएसटी परस्पर वर जातो. गावातल्या विक्रीतून गावाच्या हाती थेट पडतं ते एवढंच. आणि त्याचं व्हायचं काय? एका वर्षी स्वागत कमान झाली. एका वर्षी सभागृहाला फिरत्या खुर्च्या आल्या. बाजार मात्र उघड्यावर, चिखलात, निळ्या प्लास्टिकखाली. मला हे सगळं ठाऊक होतं बरं का — सभेत चहा द्यायला मीच असायचो.

मग एकदा फी दुप्पट झाली. यशोदामावशी — वरंधच्या बाजूच्या एका वाडीतून भाजी घेऊन यायची, बाजारातल्या सगळ्या बाया तिचं ऐकायच्या — ती पदर खोचून उभी राहिली. "पावती नाय घेणार. आमचे पैसं जातात कुठं, ते आधी सांग." दोन सोमवार एकही पावती फाटली नाही. ऑफिसात कुजबुज सुरू झाली की आता बायांना काहीतरी द्यावंच लागणार, छप्पर तरी घालून देऊ. ती कुजबुज मी ऐकली होती. हे लक्षात ठेवा.

पण मी तेव्हा रोजंदारीवर. मला कायम करायची फाईल साहेबांच्या टेबलावर. वसुली झाली नाही तर फाईल परत, हे त्यांनी मला स्पष्ट सांगितलेलं. तिसऱ्या सोमवारी मी मावशीपुढे उकिडवा बसलो आणि — सांगूनच टाकतो — खोटं बोललो. म्हणालो, तुमच्याच पैशांतून शेड होतेय. नकाशा मंजूर झालाय. मी या डोळ्यांनी बघितलाय.

नकाशा? कसला नकाशा! कागदाचा कपटासुद्धा नव्हता. पण थाप मारायचीच तर कंजूषी कशाला? ओटे किती, नळ कुठे, मावशीची जागा कोणत्या कोपऱ्यात — सगळं रंगवून सांगितलं. तिचा चेहरा असा खुलला की क्षणभर मलाही ते खरं वाटलं. पहिली पावती तिने घेतली. मग सगळ्यांनी. दोन महिन्यांत मी कायम झालो.

त्यानंतर सहा पावसाळे त्या बाया प्लास्टिकखाली भिजल्या. सहा! मावशी विचारायची, आणि मी म्हणायचो, "फाईल वर गेलीय."

सातव्या वर्षी ती बायांना घेऊन थेट कचेरीत आली. शेड राहू दे, म्हणाली, आधी नकाशा दाखवा. आणि मग जी धांदल उडाली! नव्या इंजिनिअरला वाटलं, जुन्याने हरवला. जुन्याला फोन लावला, तर त्याला वाटलं, आपल्याच हातून गेला असेल. बाबू म्हणाले, वाळवीने खाल्ला. नकाशा नव्हताच, असं म्हणायला कुणी धजेना — कारण मावशी ओटेसुद्धा मोजून सांगत होती. तीन दिवस आम्ही रेकॉर्ड रूम उपसली. हो, शोधणाऱ्यांत मीही होतो. धूळ झटकत, शिंकत, हसू दाबत. शेवटी चौकशी नको म्हणून साहेबांनी मावशीला विचारून विचारून नवा नकाशा काढायला लावला आणि त्यावर लिहिलं — 'दुसरी प्रत'. बाजार फीच्या पैशांतून खरोखरच शेड उभी राहिली. नळ मी सांगितला होता तिथेच!

उद्घाटनाला सगळा बाजार नटून आला होता. मावशीने पुढाऱ्यांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि माझ्या हातात दिला. "ह्यानं नकाशा बघितलेला हाय, म्हणून आमी कळ काढली. नायतर तवाच भांडून मोकळ्या झालो असतो."

तेव्हाच भांडल्या असत्या, तर शेड तेव्हाच झाली असती. त्या गर्दीत हे फक्त मला ठाऊक होतं. तोंड उघडायची वेळ तीच होती. मी नारळ फोडला. एका घावात दोन भकलं झाली, टाळ्या पडल्या, मावशीने खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या तोंडात घातला, आणि मला — खरं सांगू? — लाज नाही वाटली. आनंद झाला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता, आणि त्यानंतरही झालेला नाही.